रिकाम्या गाडीचा फलाट

बसायचं तर बसा माझ्यावर, फक्त शेवाळ ओलं असतं, तेवढं सांभाळा. मी फलाट आहे, रॉडरबाख गावाचा. गाव म्हणजे एकेचाळीस घरं, एक चर्च, एक खानावळ आणि खाली ओढा. ओढ्यावर दगडी पूल आणि पुलापलीकडे दुसरं राज्य. अशा गावाला साठ पावलांचा फलाट पुरे झाला असता. मी पाचशे पावलं लांब आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं. मग तो शेवटापर्यंत चालत जातो, आणि परत येताना बहुधा हसत नसतो.

माझा जन्म १९०३ सालचा. डोंगरातला काळा दगड फोडून मला बांधलं. बांधणारे मजूर लांबून आलेले होते, त्यांना इथली भाषाही नीट येत नव्हती. त्यांचा मुकादम विचारणाऱ्याला सांगायचा, की फलाट गुरं चढवायला आहे. काट्रिन नावाची एक विधवा बाई रुळांच्या कडेलाच राहायची. तिनं त्याला तोंडावर सुनावलं, "पंचक्रोशीतली गुरं, शिवाय गावातली माणसं उभी केली, तरी तुझा निम्मा फलाट रिकामाच राहील." मुकादमाला तरी कुठं माहीत होतं? त्याला लांबी सांगितली होती, कारण नव्हतं सांगितलं.

गाड्या दिवसाला दोन. सकाळच्या गाडीत दुधाचे हंडे चढायचे, संध्याकाळच्या गाडीतून शाळामास्तर उतरायचे. या सगळ्यांना माझी पहिली साठ पावलं लागायची. उरलेल्या भागावर काट्रिनबाई चादरी वाळत घालायची आणि तिची बदकं फिरायची. मला लाज वाटायची, खरं सांगतो. दोनशे पानं मांडावीत आणि जेवायला चौघं यावीत, तसं ते होतं.

माझी इभ्रत राखली ती स्टेशनमास्तरांनी. हुबर्ट क्रिंग्स त्यांचं नाव. बायको गेलेली, घरात एकुलती मुलगी अपोलोनिया. तिला सगळे लोनी म्हणत. क्रिंग्स मास्तर रोज सकाळी मला शेवटच्या दगडापर्यंत झाडायचे, पाचशेच्या पाचशे पावलं. कुणी चेष्टा केलीच तर म्हणायचे, की पाहुणे येत नाहीत म्हणून कुणी घर झाडायचं सोडतं का? त्यांचं घड्याळ चर्चच्या घड्याळाहून बरोबर असायचं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. शब्द दिला की पाळायचा, वेळ सांगितली की गाठायची, यापलीकडे त्यांचा धर्म नव्हता. मला तो माणूस फार आवडायचा. पुढचं सांगताना म्हणूनच जड जातं.

माझ्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी, सकाळी अकराला ती गाडी पहिल्यांदा आली. पन्नास डबे होते. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत ती मला बरोब्बर पुरली, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी लांबी कुणाच्या तरी मापाची निघाली. आनंदानं मी थरथरलो असेन. मग दारं उघडली आणि आत कुणीच नव्हतं.

गाडीबरोबर कॅप्टन राउख नावाचे एक साहेब आले होते. शिडशिडीत, मऊ बोलणारे. त्यांनी घड्याळ काढलं आणि शिट्टी दिली. पन्नास दारांपाशी पन्नास शिपाई उभे होते. ते रिकाम्या दारांकडे बघत मोठ्यानं आकडे म्हणू लागले. एका डब्यात चाळीस माणसं. एक उतरला, दोन उतरले, तीन उतरले. चाळीस झाले की दार बंद. मग नसलेल्या माणसांना रांगेत उभं राहायला चार मिनिटं दिली, नसलेल्या घोड्यांना पाणी प्यायला सात. त्या सात मिनिटांत कुणी हललं नाही. काट्रिनबाईची बदकंही गप्प होती. मग कॅप्टननी वहीत काहीतरी लिहिलं, गाडी निघून गेली.

गावात हसून हसून पुरेवाट झाली. "आले होते बाई पाहुणे," काट्रिनबाई विहिरीवर म्हणाली, "चहापाण्याचं विचारायचं राहूनच गेलं." तेव्हापासून त्यांना पाहुणे हेच नाव पडलं. पुढं दरवर्षी मे महिन्यात पाहुणे यायचे. पोरं ती कवायत बघायला कुंपणावर चढून बसायची. सगळ्या पोरांच्या अंगात खलाशांचे सदरे, कारण तेव्हा घरोघरी तीच टूम होती. समुद्र इथून तीन दिवसांच्या वाटेवर, आणि पोरं म्हणायची, आमचं आरमार सगळ्यांत मोठं होणार.

आता तुम्ही म्हणाल दगडाला काय कळतं. पण वजन दगडालाच कळतं. पहिल्या वर्षी पाहुण्यांचं वजन शून्य होतं. तिसऱ्या वर्षी मला वाटलं, भास असेल. चौथ्या वर्षी शिपाई आकडे म्हणत होते आणि आकड्यागणिक माझ्यावर काहीतरी टेकत होतं. टाच असावी तसं, हलकंच. गाडी गेल्यावर ते काही उतरून गेलं नाही. त्या हिवाळ्यात माझ्या मधल्या भागावर दंव धरेना. लोकांनी आपसूक कडेकडेनं चालायला सुरुवात केली. का, ते कुणी विचारलं नाही.

क्रिंग्स मास्तर कवायतीनंतर कॅप्टनना घरी न्यायचे. लोनी किसलेल्या बटाट्याची धिरडी करायची, सोबत सफरचंदाचा गोड लगदा. खिडकी माझ्याकडेच उघडायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. मास्तरांनी एकदा भीत भीत विचारलं, की एवढी तयारी कुणासाठी. कॅप्टन म्हणाले, पश्चिमेचा शेजारी सूड विसरलेला नाही, पूर्वेचा त्याच्या गळ्यात गळा घालून बसलाय, आणि समुद्रापलीकडचा आपली जहाजं मोजतोय. एकाशी झटपट आटोपलं तरच दुसऱ्याकडे वळता येईल.

"आणि ते लोक काय करताहेत?" मास्तरांनी विचारलं.

"हेच. आपल्याला भिऊन."

"मग कुणीतरी थांबायला हवं ना, साहेब."

कॅप्टननी धिरड्याचा तुकडा मोडला. "थांबेल तो उशिरा पोचेल, क्रिंग्स. तुम्ही रेल्वेतले. तुम्हाला हे मी सांगायचं?"

मास्तरांना ते पटलं. उशीर या शब्दाची त्यांना मनापासून भीती होती. माझं म्हणाल तर मलाही पटलं, कारण पटण्यात माझा फायदा होता. थांबा म्हणणाऱ्यांच्या जगात पाचशे पावलांच्या फलाटाचं काय काम?

१९०८ साली लोनीचं लग्न झालं. मुलगा पुलापलीकडचा, देझिरे नावाचा, कातडी कमावणारा. आमच्या स्टेशनावर कातडी उतरवून घ्यायला यायचा आणि काम संपलं तरी रेंगाळायचा. लोनीला म्हणायचा, "तुमचा फलाट आमच्या अख्ख्या गल्लीपेक्षा लांब आहे. अर्धा आंदण दे, म्हणजे आम्हाला घर बांधायला जागा होईल." लग्नाच्या दिवशी वऱ्हाड माझ्यावरून चालत पुलाकडे गेलं. सगळे हसत होते, वाजवत होते, आणि मधल्या भागात आल्यावर मात्र एकामागून एक कडेला सरकले, नवरीसुद्धा. देझिरेच तेवढा सरळ मधून चालत गेला. तो परक्या गावचा, त्याला काय ठाऊक?

पुलाच्या पलीकडच्या टोकाला पहिलंच घर त्यांचं. मागे कातडी भिजवायचे हौद.

मग १९११ चा उन्हाळा आला. कुठंतरी आफ्रिकेतल्या एका बंदरावरून मोठ्या राज्यांचं बिनसलं होतं. खानावळवाला सेव्हरिन पेपर वाचून दाखवायचा. ते बंदर कुठं आहे, हे त्याला नकाशातही सापडलं नाही. पण माझ्या पश्चिमेच्या टोकाला कुंपणात नवं दार पाडण्यात आलं, चार माणसं शेजारी शेजारी जातील एवढं रुंद. आणि कॅप्टन लखोटा घेऊन आले.

लखोटा दरवर्षीच यायचा. त्यात युद्धाच्या दिवसांचं वेळापत्रक असायचं. मास्तरांनी ते वाचायचं, सही करायची, मागच्या वर्षीचं साहेबांच्या समोर शेगडीत जाळायचं, आणि जीव गेला तरी कुणाला सांगायचं नाही, अशी क्रूसावर हात ठेवून शपथ. त्या दिवशी मास्तर माझ्या बाकावर बसून वाचत होते. वाचताना ते नेहमी बुटाच्या टोकानं ताल धरायचे. तो ताल मध्येच थांबला. त्या वर्षी पहिल्यांदाच कागदावर गाड्यांच्या वेळांखाली पुढची वाटही लिहिली होती. नव्या दारातून बाहेर, उतारानं खाली, ओढ्यावरचा पूल.

मग त्यांनी सही केली.

त्यानंतर त्या माणसाचं वागणं विचित्र झालं. लोनी रविवारी जेवायला आली की हे विषय काढायचे: कोलोनला माझा भाऊ आहे, तिकडे कातड्याचे मोठे कारखाने आहेत, देझिरेला चांगलं काम मिळेल, इथं ओढ्याकाठी ओल किती, तुझ्या छातीला बरं नाही. लोनीची छाती ठणठणीत होती. पहिल्यांदा तिनं हसण्यावारी नेलं. दुसऱ्या वर्षी ती चिडली. ताटावरून उठून बाहेर माझ्यावर येऊन उभी राहिली आणि मास्तर मागे आले, तेव्हा म्हणाली, "देझिरे तुम्हाला पहिल्यापासून खुपतो, बाबा. तो पलीकडचा आहे ना, म्हणून. सरळ सांगा, कोलोनचं नाव कशाला पुढं करता?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतात. पण ते म्हणाले, "गाडीची वेळ झाली," आणि झेंडा आणायला आत गेले. गाडीला अजून वीस मिनिटं होती.

सेव्हरिनला विचाराल तर तो सांगायचा, की सगळेच नखशिखांत सज्ज आहेत म्हणून तर शांतता आहे, एवढ्या तयारीत वेडा माणूसच भांडण काढील. गाव मान डोलवायचं. पाहुणे दर मे महिन्यात आले आणि गेले, गेली दहा वर्षं कुणाचं काय वाकडं झालं? तेव्हा माझ्यावर किती माणसांचं ओझं होतं, ते मला विचारायला हवं होतं. सतराव्या डब्यापाशी तर त्या नसलेल्यांतला एक जण दरवर्षी अडखळायचा. शिपाई आकडे म्हणत जायचा, आणि तिथं आला की त्याची जीभही अडायची. कॅप्टनांच्या घड्याळात त्यामुळे काही सेकंद जास्त लागायची आणि ते कपाळाला आठी घालून म्हणायचे, "कोण मागं राहतंय?"

१९१४ च्या मे महिन्यात एकही सेकंद जास्त लागलं नाही. पन्नास दारं एकाच वेळी बंद झाली. कॅप्टननी घड्याळ मिटलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आता शिकले ते." काट्रिनबाई कुंपणापाशी उभी होती. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्या दिवसापासून माझ्यावर चादरी वाळत घातल्या नाहीत.

ऑगस्टचा पहिला दिवस, शनिवार. लोनी वडलांकडे आली होती. तिचं दीड वर्षाचं मूल, जोसेट, पलीकडे देझिरेपाशी होतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तार आली. मास्तरांनी ती वाचली, लखोटा फोडला, आणि पहिल्यांदाच वेळेचं भान न ठेवता माझ्यावरून धावत लोनीच्या मागं गेले. घरी निघालेली ती नव्या दारापर्यंत पोचली होती.

"लोनी, देझिरेला आणि पोरीला घेऊन आत्ताच्या आत्ता इकडे ये. मंगळवारी लष्कर पुलावरून जाणार आहे."

लोनीला हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते, दमलेल्या म्हाताऱ्याच्या चिंतेवर पोरी हसतात तसं होतं. "तुमची रिकामी गाडी मी लहान होते तेव्हापासून बघतेय, बाबा. या वर्षी दोनदा येणार, एवढंच."

"या वेळी रिकामी नाही गं."

"बरं, मंगळवारी बघू. हौदात कातडी आहेत, देझिरे तशी टाकून निघणार नाही." तिनं त्यांच्या कोटाचं बटण लावलं आणि उतारानं खाली गेली. मास्तर दारात उभे राहिले. मागं स्टेशनात तारेचं यंत्र कडकडत होतं आणि ते परत गेले. रविवारी सकाळी पुलावर पहारा बसला. मग कुणी अलीकडे आलं नाही, पलीकडे गेलं नाही.

सोमवारी दुपारी पहिली गाडी आली. दारं उघडली आणि माझे पाहुणे उतरले. त्यांना आता चेहरे होते, घामाचा वास होता, कुणाच्या टोपीत फुलं खोवलेली होती. मला मात्र नवल वाटलं नाही. प्रत्येक टाच जिथं दहा वर्षं पडत होती, तिथंच पडली. पहिला, दुसरा, तिसरा. सतराव्या डब्यातून एक पोरगेला शिपाई उतरला, बूट चावत होते म्हणून खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. सार्जंटनं त्याला उठवलं. कुणी आकडे म्हणत नव्हतं, तरी मला ते ऐकू येत होते.

बारा बारा मिनिटांनी गाडी. तिसऱ्या गाडीला क्रिंग्स मास्तरांचा हात सिग्नलच्या दांड्यावर तसाच राहिला. गाडी वळणावर उभी राहून शिट्टी मारत होती. अर्धं मिनिट गेलं असेल. कॅप्टन राउखनी फक्त घड्याळ वर धरून दाखवलं. मास्तरांनी दांडा ओढला. एवढंच त्यांचं बंड. मी त्यांना हसत नाही. माझ्या हातून तेवढंही झालं नाही.

मंगळवारी लष्कर पुलावरून गेलं. गुरुवारी पलीकडून धूर दिसला. पुढं जे कळलं ते असं: रस्त्यात कुठंतरी गोळीचा आवाज झाला. घाबरलेल्या शिपायांना वाटलं, घराघरांच्या खिडक्यांतून लोक नेम धरून बसलेत. खिडक्यांत कुणी नव्हतं. नसलेली माणसं बघायची सवय मग सगळ्यांनाच लागली होती म्हणायचं. गल्लीतल्या नऊ पुरुषांना हौदाच्या भिंतीपाशी उभं केलं. देझिरे त्यांतला एक होता.

त्यानंतरची माझी कहाणी थोडक्यात सांगतो. चार वर्षं माझ्यावरून धडधाकट माणसं तिकडे गेली आणि डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली परत आली. मग हद्दच सरकली, आणि मी इंचभरही न हलता पलीकडच्या राज्यात गेलो. ज्या ओढ्यासाठी एवढा आटापिटा, तो नुसता ओढा उरला. क्रिंग्स मास्तर तेव्हा वारले. झाडूनं मला शेवटच्या दगडापर्यंत झाडतानाच कोसळले. नंतर रूळ उखडले, माझ्यात बर्चची झाडं उगवली. आता सायकलवरून लोक येतात, माझ्यावर बसून डबे उघडतात आणि एकमेकांना विचारतात, एवढा मोठा फलाट कशाला बांधला असेल? पण मधल्या भागात अजून कुणी बसत नाही. तुम्हीसुद्धा कडेलाच बसलात, बघा.

एक गोष्ट सांगायची टाळत आलो, ती आता सांगून टाकतो. १९१४ च्याच नोव्हेंबरात, मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात त्या दिवशी, दुपारच्या वेळी लोनी आली. काळा पोशाख, कडेवर जोसेट. मास्तर झेंडा घेऊन माझ्यावर उभे होते. ते पुढं झाले, तिनं हातानंच थांबवलं.

"त्या शनिवारी तुम्ही मला सांगितलंत. मी हसले. ते माझं मी बघून घेईन," ती म्हणाली. "पण तुम्हाला माहीत कधीपासून होतं?"

खोटं बोलायची मास्तरांना सवय नव्हती. "तीन वर्षं."

लोनीनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तीन वर्षं. दर रविवारी मी इथं जेवायला यायची. परत जाताना तुम्ही मला पुलापर्यंत सोडायला यायचात, हातात घड्याळ घेऊन. मला वाटायचं, गाडीची काळजी."

मास्तर हातातला झेंडा गुंडाळू लागले.

"मोजत होतात का, बाबा?"

"अठरा मिनिटं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "पुलापर्यंत आपण दोघं चाललो की अठरा. लष्कराला बावीस लागतील असं लिहिलं होतं. मी दर वेळी मोजायचो, कुठं जास्त लागतात का, कागदावरचा आकडा चुकतो का, ते बघायला."

लोनीनं पोरीच्या डोक्यावरून शाल ओढून घेतली आणि पश्चिमेच्या दारातून उतारानं निघून गेली. मास्तरांनी खिशातून घड्याळ काढलं, आणि ती पूल ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत ते हातात धरून उभे होते.

उठा आता, संध्याकाळ होतेय. एकच मागणं आहे. तुमच्या गावात कुणी गरजेपेक्षा लांब काही बांधायला घेतलं, तर त्याच्या लांबीचं कौतुक करू नका आणि हसूही नका. कुणासाठी आहे, ते त्याच दिवशी विचारा, आणि ज्याला उत्तर माहीत आहे त्याला घरी जाऊ देऊ नका. माझ्या पाचशे पावलांवर ते विचारायला अकरा वर्षं होती. या तुम्ही. जाताना कडेनंच जा.